रोगकथनाची कसोटी

काव्य, नाटक, कादंबरी यांचे गुणदोष कोणत्या तत्त्वांवर पारखावे याविषयी आपल्याकडे पुष्कळ ऊहापोह झाला आहे. परंतु स्वतःच्या शरीरावर ओढवलेल्या व्याधीचे कथन हा जो वाङ्मयप्रकार अलीकडे सर्व भाषांत वाढीस लागला आहे, त्याची पारख कशी करावी याचा विचार मात्र फारसा होत नाही. असे पुस्तक हाती आले म्हणजे आपण लेखकाच्या दुःखापुढे मान लववितो, त्याच्या धैर्याची वाखाणणी करितो आणि पुस्तक मिटवून ठेवितो. यात सौजन्य आहे, पण समीक्षा नाही. ज्याने सोसले त्याच्या लेखनास नावे कशी ठेवावी, हा संकोच स्वाभाविक आहे. तथापि त्याचा परिणाम असा होतो की, खरे रोगकथन कोणते आणि केवळ सहानुभूतीच्या बळावर तरून जाणारे कोणते, हा विवेकच सुटतो.

हा विवेक सुटला तर बिघडते काय, असे कोणी विचारील. बिघडते ते असे. कादंबरी वाचणारी स्त्री नायिकेच्या जागी स्वतःस कल्पनेने ठेवीत असते. स्तनाच्या कर्करोगावरील पुस्तक उघडणारी स्त्री कित्येकदा खरोखरीच त्या जागी असते. तिच्या हाती बायॉप्सीचा कागद असतो, शस्त्रक्रियेचा दिवस ठरलेला असतो, आणि तिचा प्रश्न अगदी साधा असतो : माझे आता काय काय होणार? या प्रश्नास लेखक उत्तर देतो, की तो चुकवून दुसरेच काही सांगतो, हीच आमच्या मते रोगकथनाची पहिली कसोटी होय. या कसोटीवर आम्ही येथे इंग्रजीतील तीन लेखकृती पारखून पाहणार आहो. तिन्ही स्त्रियांच्या आहेत, तिघींनाही हाच रोग झाला होता, आणि तिघींनी वरील प्रश्नाशी तीन निरनिराळ्या प्रकारांनी व्यवहार केला आहे.

पहिली लेखकृती म्हणजे एक खाजगी पत्र. फॅनी बर्नी (१७५२–१८४०) ही ‘एव्हेलिना’ या १७७८ सालच्या कादंबरीमुळे इंग्रजी वाङ्मयाच्या अभ्यासकांस परिचित आहे. शिष्टसमाजात वावरताना तरुण स्त्रीच्या वाट्यास येणारे संकोच आणि फजित्या हा तिचा हातखंडा विषय. १७९३ मध्ये तिने दारब्ले या निर्वासित फ्रेंच सेनाधिकाऱ्याशी विवाह केला, १८०२ मध्ये ती फ्रान्सला गेली आणि युद्धामुळे दहा वर्षे तेथेच अडकून पडली. १८१० च्या ऑगस्टमध्ये तिच्या उजव्या स्तनात किंचित दुखू लागले. पती वैद्यास दाखविण्याचा आग्रह करीत होता. ती टाळीत होती. अखेर ३० सप्टेंबर १८११ रोजी पॅरिस येथे, तिच्या राहत्या घरी, नेपोलियनच्या सैन्यातील विख्यात शस्त्रवैद्य लॅरे याने तो स्तन कापून काढिला. मलमपट्टी धरून वीस मिनिटे लागली.

भुलीचे औषध नव्हते, हे मुद्दाम सांगितले पाहिजे. ईथरची भूल बोस्टन येथे सर्वांसमक्ष यशस्वीपणे दाखविण्यात आली ती १८४६ मध्ये. जपानात हानाओका सेइशू या वैद्याने वनस्पतींच्या काढ्याने रुग्णास बेशुद्ध करून स्तनाच्या कर्करोगावर शस्त्रक्रिया केली होती ती १८०४ मध्येच. परंतु जपानचे दरवाजे तेव्हा परकीयांस जवळजवळ बंद असल्याने ही विद्या युरोपात पोहोचली नव्हती. बर्नीच्या वाट्यास आले ते मद्याचे एक उत्तेजक पेय आणि तोंडावर टाकलेला एक तलम रुमाल, एवढेच.

या प्रसंगाचा वृत्तान्त तिने आपली बहीण एस्तर हीस पुढील वर्षी, कित्येक महिने थांबत थांबत लिहून कळविला. त्या गोष्टीचा उच्चार करणेही तिला फार काळ अशक्य झाले होते, आणि लिहिलेले पुन्हा वाचून पाहणे तर तिला शेवटपर्यंत साधले नाही. तिच्या पत्रव्यवहाराच्या विस्तृत आवृत्तीत हे पत्र १९७५ मध्ये छापले गेले, आणि तेव्हापासून त्याची कीर्ती वाढत आहे. बहुतेक वाचक त्यातील वेदनेच्या वर्णनाने थक्क होतात. वेदनेचे वर्णन विलक्षण आहे यात शंका नाही. परंतु पत्राचे खरे सामर्थ्य आम्हांस दुसरीकडे दिसते. हे पत्र आरंभापासून अखेरपर्यंत, काय सांगितले गेले आणि प्रत्यक्षात काय घडले, यांतील अंतराचे पत्र आहे.

एकेक स्थळ पाहू. शस्त्रक्रिया ठरली खरी, परंतु दिवस तिला कळविला गेला नाही; धास्ती वाढू नये म्हणून केवळ काही तास आधी सूचना मिळावयाची होती. त्याप्रमाणे एके सकाळी ती अंथरुणातच असताना निरोप आला. तिने पतीस हे पाहावे लागू नये म्हणून त्यास कामाच्या निमित्ताने बाहेर काढून दिले. मग वैद्यांकडून विलंबाचा निरोप आला आणि तिला पट्ट्या, स्पंज व कापूस मांडून ठेविलेल्या खोलीपाशी येरझारा घालीत तासन्‌तास वाट पाहावी लागली. दुपारी काळे पोशाख केलेले सात पुरुष खोलीत शिरले. एक आरामखुर्ची पुरेल, असे लॅरेने तिला पूर्वी आश्वासन दिले होते. आता मुख्य वैद्य द्युब्वा याने खोलीच्या मध्यभागी पलंग मांडावयास सांगितले, आणि जुन्या गाद्या व जुनी चादर मागविली. ती चकित होऊन लॅरेकडे वळली. त्याने मान खाली घातली आणि तिच्याकडे पाहिले नाही.

जुन्या गाद्या कशासाठी, हे लेखिका सांगत नाही. चादर जुनी हवी या एका शब्दात वाचकास सर्व कळते. आमच्या मते या स्थळी तिची कादंबरीकाराची दृष्टी पूर्णत्वास पोहोचली आहे. आणि विशेष हे की, येथे ती कादंबरी रचीत नव्हती.

पुढील स्थळ याहून मार्मिक आहे. तोंडावर टाकलेला रुमाल इतका पारदर्शक होता की, त्यातून तिला पलंगाभोवती उभे असलेले पुरुष दिसले, पोलादाची चमक दिसली. ती डोळे मिटून पडली. स्तन कोण धरील, असा लॅरेचा प्रश्न आला. कोणी उत्तर दिले नाही. पुन्हा डोळे उघडून पाहते तो हवेत एक बोट वरून खाली रेघ ओढीत आहे, मग आडवी रेघ, मग एक वर्तुळ. संपूर्ण स्तन काढावयाचा, हे तिला त्या खुणेवरून कळले. तिच्या शरीराविषयीचा सर्वांत मोठा निर्णय तिला कोणी सांगितला नाही. तो तिने रुमालातून पाहिला. ती उठून बसली, आपणच धरिते म्हणाली, आणि आपल्या दुखण्याचे मूळ एकाच जागी आहे असे त्यांस समजावू लागली. त्यांनी ऐकून घेतले, तिला पुन्हा निजविले, आणि बोटाने पूर्वीचीच खूण केली.

येथे लेखिकेने लॅरेस क्रूर रंगविलेले नाही, हे ध्यानात घेतले पाहिजे. पत्राच्या शेवटी तो तिच्याइतकाच पांढराफटक, चेहऱ्यावर रक्ताचे ओघळ, मुद्रेवर दुःख आणि भय असा उभा आहे. तो दयाळू होता. आणि त्याने जे लपविले ते दयाबुद्धीनेच लपविले. पत्रासोबत लॅरेच्या शिष्याने फ्रेंचमध्ये लिहिलेले वैद्यकीय टिपणही टिकून राहिले आहे. शस्त्रक्रिया अतिशय वेदनामय होती व रुग्णाने ती मोठ्या धैर्याने सोसली, अशी त्यात नोंद आहे. ती खरीच आहे. परंतु धैर्य या एका शब्दाखाली आरामखुर्ची, जुनी चादर आणि हवेतील बोट ही सर्व गडप होतात. रोगकथन आणि रोगाचे टिपण यांतील भेद याहून स्पष्ट दाखविता येईलसे वाटत नाही.

या पत्रास मर्यादाही आहे. त्यात शस्त्रक्रिया आहे, परंतु त्यानंतरचे बरे होणे जवळजवळ नाही. जखम कशी भरली, हात पूर्ववत उचलता येऊ लागला की नाही, रिकामी झालेली जागा तिने प्रथम कधी पाहिली, यांविषयी लेखिका मौन धरिते. ती त्यानंतर अठ्ठावीस वर्षे जगली. इतकी की, रोग खरोखर कर्करोगच होता काय, अशी शंका पुढे काही वैद्यांनी घेतली. त्या अठ्ठावीस वर्षांत त्या जखमेने तिला काय दिले, ते पत्रावरून कळत नाही.

जेथे बर्नी थांबते तेथून ऑड्री लॉर्ड (१९३४–१९९२) आरंभ करिते. न्यूयॉर्कच्या या कृष्णवर्णीय कवयित्रीचा एक स्तन १९७८ च्या सप्टेंबरात काढण्यात आला, आणि १९८० मध्ये तिचे ‘द कॅन्सर जर्नल्स’ हे छोटेसे पुस्तक निघाले. काही निबंध आणि त्यांत अधूनमधून रोजनिशीतील नोंदी, असे त्याचे स्वरूप. शस्त्रक्रियेस यात थोडकी जागा आहे. मुख्य विषय तिच्यानंतरच्या दिवसांचा आहे. भुलीतून जाग आल्यावरची पहिली शांतता, मग हळूहळू जागी होणारी वेदना, एके ठिकाणी रुतून बसलेली वेदना आणि फिरती वेदना, नसलेल्या स्तनातही जाणवणारी कळ, हे सर्व तिने नोंदविले आहे. बर्नीस जे लिहिता आले नाही ते येथे आहे.

पुस्तकातील सर्वांत गाजलेला भाग कृत्रिम स्तनाविषयीचा होय. शस्त्रक्रियेनंतर थोड्याच दिवसांनी एक स्वयंसेविका रुग्णालयात तिला भेटावयास आली आणि लोकरीची एक मऊ गादी देऊन गेली. ती काचोळीत घातली म्हणजे काही घडलेच नाही असे दिसेल, हा तिचा दिलासा. ती गादी फिकट गुलाबी रंगाची होती. काळ्या कांतीच्या स्त्रीस ती देताना देणारीच्या ध्यानीही आले नाही की, तिने जणू कोणा दुसऱ्याच बाईचा स्तन आणला आहे. पुढे टाके दाखवावयास लॉर्ड वैद्याकडे गेली तेव्हा तेथील परिचारिकेने तिला हटकले : काहीतरी लावून यावे, नाहीतर इतर रुग्णांचे मन खचते. लॉर्ड यावर विचारिते की, इस्रायलचा सेनानी मोशे दायान डोळ्यावर पट्टी बांधून जगभर फिरतो, त्यास काचेचा डोळा बसवून ये असे कोणी म्हणते काय? त्याची उणीव शौर्याची खूण. आणि स्त्रीची उणीव मात्र झाकण्याची वस्तू!

हा प्रश्न बिनतोड आहे. परंतु लॉर्डचा दोषही येथेच आहे. गादी नाकारण्याचे स्वातंत्र्य स्थापित करिताना ती गादी वापरणाऱ्या स्त्रीकडे काहीशा संशयाने पाहू लागते. एखादी स्त्री लोकलज्जेसाठी नव्हे, तर पोलके अंगावर नीट बसावे किंवा छातीवरचा तोल सावरला जावा म्हणून ती वापरील, ही शक्यता तिच्या आवेशात मागे पडते. बर्नीच्या पत्रात वाचकाने काय करावे याविषयी फारसे काही नाही. लॉर्डच्या पुस्तकात ते पानोपानी आहे. तथापि स्वतःपुढील सर्व पर्याय जिला माहीत आहेत तीच खऱ्या अर्थाने निवड करू शकते, हा तिचा मुख्य मुद्दा अढळ राहतो.

तिसरे पुस्तक या दोहोंच्या अगदी उलट टोकास आहे. सुझन सोन्टॅग हिला १९७५ मध्ये हाच रोग जडला. तिच्यावर जी शस्त्रक्रिया झाली ती बाल्टिमोरच्या हॉल्स्टेडने १८८२ पासून रूढ केलेली : स्तनासह छातीचे स्नायू व काखेतील सर्व ग्रंथी काढून टाकणारी. १९७८ मध्ये तिने ‘इलनेस ॲज मेटफर’ हे पुस्तक लिहिले. त्यात स्वतःच्या रोगाविषयी एक वाक्यही नाही. तिचे प्रतिपादन असे की, क्षयरोग आणि कर्करोग यांभोवती समाजाने रूपकांचे जे जाळे विणले आहे, त्यामुळे रुग्ण रोगाबरोबर लाजेनेही पीडित होतो. दडपलेल्या भावनांमुळे कर्करोग होतो अशा समजुतींनी रुग्णच अपराधी ठरतो. आणि अपराधी मनुष्य वैद्याकडे उशिरा जातो.

आमच्या कसोटीवर हे पुस्तक प्रथमदर्शनी नापास व्हावे. माझे काय होणार, या प्रश्नास येथे उत्तर नाही. परंतु खोटी उत्तरे दूर करणे हीही सेवाच आहे, आणि ती मराठी वाचकास विशेष उपयोगी पडावी अशी आहे. आपल्या भाषेतील ‘कर्करोग’ हा शब्दच रूपक आहे. ग्रीक वैद्यांस गाठीभोवती फुगलेल्या शिरा खेकड्याच्या नांग्यांसारख्या दिसल्या, त्यावरून पडलेले हे नाव. पुढे आपण ते सर्वत्र फिरविले : भ्रष्टाचाराचा कर्करोग, जातिभेदाचा कर्करोग. जी स्त्री हे अग्रलेख वाचते, तिला स्वतःच्या गाठीविषयी तोच शब्द ऐकताना काय वाटत असेल? घरात तर तो शब्द उच्चारलाच जात नाही. ‘तो आजार’ म्हणतात, ‘गाठ आहे’ म्हणतात, किंवा ‘टाटाला नेले आहे’ एवढेच सांगतात. परळचे टाटा रुग्णालय १९४१ मध्ये सुरू झाले. कित्येक कुटुंबांत त्याचे नाव रोगाच्या नावाऐवजी वापरले जाते.

रणांगणाची भाषा हा याच रोगाचा दुसरा प्रकार. मृत्युलेखांत ‘कर्करोगाशी झुंज अपयशी ठरली’ असे छापतात; अनुभवकथनांच्या मुखपृष्ठांवर ‘मात’ आणि ‘विजय’ झळकतात. जी वाचली ती लढली, मग जी गेली तिने कसूर केली काय? गाठ कोणत्या जातीची होती, किती पसरली होती, वेळेवर उपचार परवडले की नाही, हे प्रश्न एका शूर शब्दाखाली पुरले जातात. मराठीतही आता रुग्णांची कथने प्रसिद्ध होतात, हे इष्टच आहे; परंतु विजयाच्या साच्यात ओतलेले कथन पहिल्या प्रकरणात निदान, दुसऱ्यात अश्रू आणि तिसऱ्यात हसतमुख छायाचित्र असा धावता प्रवास करिते. मधले सहा आठवडे त्यातून गळून पडतात, आणि वाचणारीस हवे असतात ते नेमके तेच.

ते सहा आठवडे म्हणजे काय, हे थोडक्यात मांडिले म्हणजे आमची कसोटी हवेत राहणार नाही. बर्नीचा काळ गेला. आज सुईने गाठीचा बारीक तुकडा काढून निदान आधी होते, आणि किती कापावयाचे ते स्त्रीच्या संमतीने ठरते. परंतु हेही सहज घडलेले नाही. अमेरिकेत १९७० नंतरही कित्येक ठिकाणी भूल देऊन गाठ काढीत, ती तेथल्या तेथे तपासीत आणि कर्करोग दिसला तर त्याच भुलीत स्तन काढीत. स्तन आहे की गेला हे स्त्रीस जागी झाल्यावर कळे. हवेतील बोटाचीच ही सुधारलेली आवृत्ती. रोझ कुशनर या पत्रकार स्त्रीस १९७४ मध्ये हा रोग झाला तेव्हा तिने या रीतीस नकार दिला, १९७५ मध्ये तीवर पुस्तक लिहिले, आणि १९७९ मध्ये ज्या तज्ज्ञमंडळाने निदान व शस्त्रक्रिया वेगळी करावी अशी शिफारस केली, त्यात ती स्वतः बसली होती. रोगकथनाने वैद्यकाची रीत पालटण्यास हातभार लाविला, याचे हे उत्तम उदाहरण होय.

दुसरा बदल शस्त्राचा. मिलानमध्ये वेरोनेसी आणि अमेरिकेत फिशर यांनी केलेल्या प्रयोगांचे वीस वर्षांचे निष्कर्ष २००२ मध्ये प्रसिद्ध झाले. रोग लवकर सापडला असता फक्त गाठ व तिच्याभोवतीचा भाग काढून पुढे किरणोपचार देणे आणि सबंध स्तन काढणे, या दोहोंत जगण्याचे प्रमाण सारखेच राहते, हे त्यांवरून ठरले. काखेतही आता सरसकट कापीत नाहीत. निळा रंग किंवा किरणोत्सर्गी द्रव्य टोचून पहिली एक-दोन पहारेकरी ग्रंथी हुडकतात आणि ती निर्दोष असेल तर बाकीच्या राखतात.

आता रुग्णाच्या बाजूने पाहू. निळा रंग टोचला असेल तर दुसऱ्या दिवशी लघवी निळसर-हिरवी होते. ज्या स्त्रीस हे कोणी सांगितले नाही ती घाबरून जाते. गोष्ट क्षुल्लक, पण तिच्यापुरती ती आरामखुर्चीच. स्तन काढिला किंवा काखेतील बऱ्याच ग्रंथी काढिल्या तर बगलेखालून नळी बाहेर येते, आणि तिच्या टोकास द्रव जमणारी पिशवी अथवा डबी असते. घरी आल्यावर ती रोज रिकामी करून माप लिहून ठेवावे लागते; द्रव पुरेसा कमी झाला म्हणजे, बहुधा आठवड्या-दोन आठवड्यांत, नळी काढतात. त्यानंतरही कधी कधी कातडीखाली पाणी साचते व ते सुईने काढावे लागते. छातीवर आणि दंडाच्या आतल्या बाजूस बधिरपणा येतो. तो काहींचा ओसरतो, काहींचा कायमचा राहतो. खांदा आखडू नये म्हणून हाताचे हलके व्यायाम लवकरच सुरू करावे लागतात. केस विंचरणे, साडीचा पदर मागे टाकणे, फळीवरचा डबा काढणे या हालचाली हळूहळू परत येतात. पाण्याने भरलेली बादली मात्र काही आठवडे उचलावयाची नाही.

सर्वांत कठीण दिवस कित्येकींच्या मते शस्त्रक्रियेचा नसतोच. तो कापलेल्या भागाच्या तपासणीचा अहवाल येण्याचा असतो. कडेपर्यंत रोग आढळला तर पुन्हा शस्त्रक्रिया. ग्रंथींत आढळला तर पुढील उपचार बदलतात. किरणोपचार, केमोथेरपी, पाच ते दहा वर्षे घ्यावयाच्या गोळ्या, यांपैकी कोणास काय लागेल ते गाठीच्या जातीवर ठरते. काखेतील ग्रंथी काढिल्या असतील तर हातास सूज येण्याचा संभव महिन्यांनी, वर्षांनीही उरतो. त्या हातास कापणे, भाजणे, जखम चिघळणे यांपासून जपावे लागते आणि सूज दिसताच दाखवावे लागते. आणि आरसा. पट्टी प्रथम सुटते तेव्हा पाहावे की न पाहावे, एकटीने पाहावे की कोणासमवेत, हे ठरविण्याचा अधिकार तिचा. तिचा पती त्या वेळी काय बोलेल, किंवा काय बोलणार नाही, याविषयी लिहिणारी लेखणी आपल्याकडे विरळा.

यावर एक आक्षेप नेहमी येतो : इतके सगळे सांगितले तर बाईमाणूस धसका घेईल, त्यापेक्षा ‘छोटीशी गाठ आहे, काढून टाकतील’ म्हणणे बरे. या आक्षेपामागील माया आम्ही नाकारीत नाही. सर्व ऐकण्याची इच्छा प्रत्येकीस नसते, आणि ज्या स्त्रीस ऐकावयाचे नाही तिच्या कानी सत्य ओतणे हीही एक जबरदस्तीच. परंतु किती ऐकावयाचे ते तिने ठरवावे. घरातील वडीलधाऱ्यांनी, मुलाने किंवा जावयाने नव्हे. लॅरेची मायाही अस्सल होती. त्या मायेने बर्नीचे दुखणे वीसातील एका मिनिटानेही कमी झाले नाही. उलट मान फिरविणाऱ्या मित्राचे दुःख तेवढे त्यात मिळाले.

सत्य सांगण्याची रीत कोणती, याचा धडाही त्याच पत्रात आहे. बर्नी आरंभीच बहिणीस कळविते की, मी आता पूर्ण बरी आहे. आणि माझ्या दुखण्याची बातमी परक्या हातून कळली असती तर तुम्हांस माझ्या बरे होण्याविषयी शंका राहिली असती, म्हणून स्वतःच्या हाताने लिहिते. आधी धीर, मग वृत्तान्त. आणि वृत्तान्तात धीरासाठी काही गाळणे नाही. हा क्रम वैद्यांनी, घरच्यांनी आणि लेखकांनीही घ्यावा असा आहे. धीर पुरे म्हणून वृत्तान्त टाळणे हा लॅरेचा दोष. विजयी अनुभवकथनांत तो आजही आढळतो.

तिन्ही कृती एकत्र पाहता आमचा निर्णय असा. सोन्टॅगचे पुस्तक रुग्णाभोवतीचे धुके विरळ करिते, पण वाट दाखवीत नाही. लॉर्डचे पुस्तक वाट दाखविते, पण आपल्याच वाटेने चालण्याचा आग्रह धरिते. बर्नीचे पत्र तिच्या पुढील मार्गाविषयी काही सांगत नाही. परंतु जेवढे तिने पाहिले तेवढे त्यात आहे, आणि जे तिच्यापासून लपविले गेले ते तिने कोणापासून लपविले नाही. म्हणून वैद्यक कितीही पुढे गेले तरी ते पत्र जुने होत नाही. मराठीत असे पुस्तक ज्या कोणी लिहीत असतील त्यांस आमची विनंती इतकीच की, शौर्याचे प्रकरण हवे तर शेवटी ठेवा. नळीची, बधिर दंडाची, अहवालाच्या वाट पाहण्याची आणि आरशाची प्रकरणे आधी पूर्ण करा. ज्या वाचक स्त्रीची शस्त्रक्रिया पुढच्या आठवड्यात आहे, ती पुस्तक तेथूनच उघडणार आहे.